‘पर्यंत’ या शब्दाचा इतिहास : खंडाळ्याचा घाट आणि घरातल्या इंटरनेटचा वेग

१/२३
जाहिरातीत लिहिलेले असते ‘१०० एमबीपीएसपर्यंत’. पैसे भरताना आपण १०० हा आकडा वाचतो. त्याला चिकटलेला ‘पर्यंत’ नजरेतून निसटतो. मग रात्री नऊ वाजता चित्रपट अडखळतो, मुलाच्या ऑनलाइन तासाला शिक्षकांचा चेहरा पडद्यावर गोठतो आणि आपण फसवले गेलो असे वाटू लागते. ही तक्रार कधी रास्त असते, कधी नसते. त्यातला फरक ओळखण्यासाठी आजच्या धाग्यात पावणेदोनशे वर्षे मागे जाऊ. सुरुवात मावळातल्या खंडाळ्यापासून. #धागा #इतिहास

२/२३
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८५६ साली मुंबईहून घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीपर्यंत आला. १४ जून १८५८ रोजी घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. म्हणजे खालीही आगगाडी होती आणि वरही होती. मधला घाट तेवढा उरला होता. मुंबईचा उतारू खोपोलीला उतरे, पालखी, तट्टू किंवा गाडी करून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. ही व्यवस्था १८६३पर्यंत चालली. दोन्ही बाजूंच्या इंजिनांचा वेग कितीही असो, मुंबई-पुणे प्रवासाचा वेळ ठरवत होते ते पालखीवाल्या भोयांचे पाय.

३/२३
आजच्या विषयातला पहिला नियम इथेच सापडतो. अनेक तुकड्यांनी बनलेल्या वाटेचा वेग तिच्या सर्वांत अरुंद तुकड्यावर ठरतो. इतर तुकडे रुंद करून फारसे काही साधत नाही. घरातल्या इंटरनेटची वाटही अशीच तुकड्यातुकड्यांची आहे: घरातले वाय-फाय, घरापासून खांबापर्यंतची तार, खांबापासून एक्स्चेंजपर्यंतची केबल, तिथून शहरापर्यंतचा मुख्य मार्ग, पुढे समुद्राखालची केबल आणि शेवटी ज्या यंत्रात तो चित्रपट साठवलेला आहे ते यंत्र. जाहिरातीतला आकडा यांपैकी एकाच तुकड्याचा असतो. आपण मात्र तो सगळ्या प्रवासाचा समजतो.

४/२३
२१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. २५ बोगदे, कठीण कातळ आणि ३७ फुटांमागे १ फूट इतका तीव्र चढ. बांधकामात हजारो मजूर राबले आणि रोगराईने व अपघातांनी त्यांतल्या फार मोठ्या संख्येने प्राण गमावले. तरीही घाट ‘नाहीसा’ झाला नाही. खंडाळ्याखाली एका जागी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने पुढे न्यावी लागे. १९२९च्या सुमारास नवे बोगदे काढून आणि मार्गाचे विद्युतीकरण करून ती अडचण दूर झाली. चढासाठी जादा इंजिने मात्र आजही कर्जतला जोडतात. अडथळा दूर करता येतो, पण त्यासाठी नेमका त्या अडथळ्यावरच खर्च करावा लागतो.

५/२३
आता तारेकडे वळू. भारतातली विद्युत तारसेवा फेब्रुवारी १८५५मध्ये सर्वसामान्यांना खुली झाली. कोलकाता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तिने जोडली. १८७० साली समुद्राखालची केबल सुएझ आणि एडनमार्गे मुंबईला पोहोचली आणि मुंबई हे भारताचे पश्चिमेकडचे संदेशद्वार बनले. १९२७ साली बिनतारी संदेशांची ‘बीम’ सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते, पण संदेश देणारे-घेणारे कार्यालय मुंबईत. म्हणजे लंडनला जाणारा संदेशही मुंबईहून आधी घाटमाथ्यावर यायचा.

६/२३
या नकाशात एक गोष्ट खंडाळ्याच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आली. मोठे मार्ग त्याच्या अंगणातून गेले, पण ते त्याच्यासाठी बांधलेले नव्हते. १८३०चा घाटरस्ता, १८६३चा लोहमार्ग, लोणावळ्याच्या धरणांतले पाणी खोपोलीला उतरवून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू झालेली टाटांची वीज, २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती महामार्ग. मुख्य मार्गावर असणे आणि मुख्य मार्गाला जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेटच्या बाबतीत हाच फरक घरोघरी जाणवतो. त्याकडे पुढे येऊच.

७/२३
१८५८ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली तारकेबल कार्यान्वित झाली. राणी व्हिक्टोरियाचा शंभरच्या आतबाहेर शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे सोळा तास लागले आणि काही आठवड्यांत केबल निकामी झाली. लांब तारेत संकेत पसरट आणि क्षीण होत जातो, हे विल्यम थॉमसन यांनी गणिताने आधीच दाखवले होते. दुसरा नियम असा: तांब्याच्या तारेवर अंतर वाढते तशी संकेताची धार बोथट होते. दीडशे वर्षांनी हाच नियम आपल्या घरच्या ब्रॉडबँडला लागू होणार होता.

८/२३
तिसरा नियम दूरध्वनीने शिकवला. जानेवारी १८८२मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास इथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. प्रत्येक ग्राहकाची तार केंद्रापर्यंत स्वतंत्र असे, पण एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे जाणाऱ्या तारा ग्राहकांच्या संख्येइतक्या कधीच नव्हत्या. तशी गरजही नव्हती, कारण सगळे जण एकाच क्षणी बोलत नाहीत. मग किती ग्राहकांमागे किती तारा पुरतील? कोपनहेगन टेलिफोन कंपनीतले गणिती ए. के. एरलांग यांनी १९०९ आणि १९१७ साली या प्रश्नाचे शास्त्र उभे केले. दिवसातला सर्वांत गर्दीचा तास धरा, त्या तासाला किती जणांना नकार मिळाला तर चालेल ते ठरवा आणि तेवढ्याच तारा ओढा.

९/२३
हा हिशेब अप्रामाणिक नाही. एस.टी. महामंडळ प्रत्येक गावकऱ्यासाठी एकेक आसन राखून ठेवत नाही. गावच्या पाणीयोजनेची टाकीही सगळे नळ एकदम सुटतील असे धरून बांधत नाहीत. वाटून घेतल्यामुळेच सेवा परवडते. दूरध्वनीच्या व्यवस्थेत मात्र एक प्रामाणिकपणा आपोआप होता. तारा संपल्या की यंत्र तसे उघड सांगे. ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ या अर्थाची घोषणा ज्यांनी एसटीडीच्या काळात ऐकली आहे, त्यांना ती अजून आठवत असेल. क्षमता संपली आहे, हे ग्राहकाच्या कानावर पडत होते.

१०/२३
इंटरनेट असा नकार देत नाही. ते सर्वांना आत घेते आणि प्रत्येकाचा वाटा कमी करते. ऑक्टोबर १९८६मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर होते अवघे चारशे यार्ड. तार तुटलेली नव्हती. गर्दीमुळे हरवलेले संदेश प्रत्येक संगणक पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला: वाटेत गर्दी दिसताच प्रत्येक यंत्राने आपला वेग आपणहून कमी करायचा. आपला चित्रपट रात्री अस्पष्ट होतो तेव्हा बहुधा हाच सभ्यपणा काम करत असतो. जाळे बंद पडत नाही, पण ग्राहकाला दाखवण्याजोगा पुरावाही उरत नाही.

११/२३
पुणे जिल्ह्याचा या इतिहासातला वाटा मोठा आहे. जुन्नर तालुक्यात आर्वी इथले विक्रम भूकेंद्र १९७१ साली सुरू झाले आणि उपग्रहामार्फत परदेशांशी दळणवळण शक्य झाले. १९७९ साली दोन स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर प्रणाली पुण्यातच बसली. तेव्हापासून देशभर केंद्राकेंद्रांमधला मार्ग काचेच्या धाग्याचा होत गेला. केंद्रापासून घरापर्यंतची शेवटची तार मात्र पुढची अनेक वर्षे तांब्याचीच राहिली. म्हणजे खोपोलीपर्यंत आगगाडी आणि पुढे पालखी, हाच प्रकार इथेही घडला.

१२/२३
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मोडेम दूरध्वनीवरून क्रमांक फिरवी, कर्कश आवाज होई आणि जोडणी लागली तर लागे. पुढे सर्वाधिक चलनात आलेल्या मोडेमवर ‘५६ के’ असा आकडा छापलेला असे, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट. प्रत्यक्षात सामान्य दूरध्वनी तारेवर तेवढा वेग मिळणे कठीणच होते. ज्या गावात सेवेचा स्थानिक क्रमांक नव्हता, तिथल्या माणसाला जवळच्या शहराला एसटीडी लावावी लागे आणि दूरध्वनीच्या बिलात ती भर पडे. खोक्यावरचा आकडा आणि घरातला अनुभव यांतली भारतीय ग्राहकाची फारकत इथून सुरू झाली.

१३/२३
ऑक्टोबर २००४मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. त्याने ब्रॉडबँडची व्याख्या केली: कायम चालू असणारी आणि किमान २५६ केबीपीएस वेग देणारी जोडणी. २०१३ साली हे किमान ५१२ केबीपीएस झाले आणि जानेवारी २०२३मध्ये २ एमबीपीएस. यातला ‘किमान’ हा शब्द अधोरेखित करून ठेवावा. सरकारी व्याख्या वेगाची खालची मर्यादा सांगते, जाहिरातीतला आकडा वरची मर्यादा सांगतो. दोन्ही खरे असू शकतात. ग्राहक मात्र वरच्या मर्यादेला खालची समजून पैसे भरतो. अपेक्षा आणि अनुभव यांतली दरी मुख्यतः या एका गैरसमजात आहे आणि तो गैरसमज दूर करण्यात विक्रेत्याला फारसा रस नसतो.

१४/२३
जानेवारी २००५पासून दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारांवर ब्रॉडबँड मिळू लागले. या एडीएसएल तंत्राच्या सुधारित रूपात कमाल वेग २४ एमबीपीएस होता, पण तो एक्स्चेंजच्या अगदी शेजारच्या घरासाठी. तारेची लांबी पाच किलोमीटरवर गेली की हातात मोजके काही एमबीपीएस उरतात. त्यात खंडाळा-लोणावळ्याचा पाऊस! इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुन्या केबलच्या सांध्यात पाणी शिरले की आवाजात खरखर येते. बोलणे तरीही समजते, पण डेटाच्या संकेतांना ती खरखर मानवत नाही. मोडेम वेग उतरवते किंवा जोडणी सोडून देते. डोंगरउतारावर विखुरलेल्या बंगल्यांच्या गावात तारा आखूड असणार तरी कशा? १८५८ चा तारेचा नियम इथे असा लागू झाला.

१५/२३
ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या तशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००६ साली ब्रॉडबँडच्या दर्जाचे विनियम काढले. त्यांत एक अट होती: घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळाला पाहिजे. वाचताना आश्वासक वाटते. पण हा वेग मोजायचा होता सेवादात्याच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत. त्यापलीकडच्या मार्गासाठी निराळी अट होती: गर्दीच्या तासाला त्याचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा. मधला एखादा तुकडा मोजून तो ठीक निघाला, तरी ज्या चित्रपटासाठी किंवा वर्गासाठी जोडणी घेतली, तिथवरचा प्रवास ठीक झाला असे होत नाही. ऑक्टोबर २०२४पासून या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली आहे.

१६/२३
२००९ साली ट्रायने सेवादात्यांसाठी आणखी एक मार्गदर्शक मर्यादा घातली: वाटणीचे प्रमाण. घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास, व्यावसायिक जोडणीसाठी एकास तीस. ढोबळमानाने अर्थ असा की १०० एमबीपीएस क्षमतेवर १०० एमबीपीएसचे पन्नास घरगुती ग्राहक जोडता येतील. पन्नासही जण एकाच क्षणी पूर्ण जोराने वापरू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ एमबीपीएस येतील. अर्थात तसे सहसा घडत नाही. बरेच सेवादाते यापेक्षा सढळ वाटणीही ठेवतात. तरी हे प्रमाण एरलांगचेच, फक्त नव्या कपड्यांत. फरक एवढाच की दूरध्वनीवर माणूस तीन-चार मिनिटे बोलून फोन ठेवी. चित्रपट मात्र दोन-अडीच तास सलग वाहतो. जुने गृहीतक नव्या सवयींपुढे तोकडे पडते.

१७/२३
आता घरापर्यंत काचेचा धागा येऊ लागला आहे, मग प्रश्न सुटला का? अंतराचा प्रश्न बराचसा सुटला, कारण काचेत संकेत फारसा क्षीण होत नाही. वाटणीचा प्रश्न राहिला. घरगुती फायबरसाठी रूढ झालेल्या जीपॉन तंत्रात एका धाग्याची घराकडे येणारी क्षमता सुमारे २४८८ एमबीपीएस असते आणि गल्लीतल्या एका छोट्या पेटीत तो धागा ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. ३२ घरांत समान वाटला तर दर घरी सुमारे ७८, ६४ घरांत वाटला तर सुमारे ३९ एमबीपीएस. त्याच धाग्यावर २०० किंवा ३०० एमबीपीएसच्या योजना विकता येतात आणि एरवी त्या चालतातही, कारण शेजारी त्या क्षणी शांत असतात.

१८/२३
खंडाळ्यात ‘शेजारी शांत असण्याचा’ हिशेब मात्र निराळा आहे. गावाची कायम वस्ती मर्यादित. बंगले, हॉटेले आणि विश्रामगृहे पुष्कळ. सोमवारी बंद असलेली दारे शनिवारी एकदम उघडतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात वाहनांची रांग लागते, तेव्हा त्यांत बसलेली माणसे आपापली यंत्रेही घेऊन आलेली असतात. आठवडाभराची सरासरी काढून जाळे उभारले, तर ते नेमके शनिवारी रात्री अपुरे पडणार. रेल्वेमार्गाला समांतर फायबर टाकण्यासाठी सन २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेलसारख्या संस्थांमुळे मोठे मार्ग लोहमार्गालगत धावतात. पण जवळून जाणाऱ्या फायबरचा उपयोग तो धागा घरापर्यंत उतरवला तरच होतो. त्यासाठी रस्ता खोदण्याची परवानगी, खांब, कातळातले चर आणि खर्च परत मिळेल एवढे ग्राहक लागतात.

१९/२३
२०२०च्या वसंतात हा सगळा इतिहास एकाच ठिकाणी दिसला. मार्चअखेर देश घरात बंद झाला. कार्यालय, शाळा आणि करमणूक एकाच तारेवर आली. जाळ्यावरचा भार पाहून चित्रपट आणि चलच्चित्रे दाखवणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी मोबाइल जाळ्यावर उच्च प्रतीचे चित्र तात्पुरते थांबवून साध्या प्रतीचे दाखवण्याचे ठरवले. इकडे खंडाळ्याजवळ महामार्ग ओस पडला होता. त्या संधीत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, द्रुतगती महामार्गावर वाहतुकीची कोंडी करणारा १८३०चा अमृतांजन पूल पाडण्यात आला. रस्त्यावरचा अडथळा गर्दी नसताना काढता आला. इंटरनेटवरचा अडथळा गर्दी सर्वांत जास्त असताना उघडा पडला आणि तेव्हा करण्याजोगे उरले होते ते फक्त प्रत्येकाचा वाटा कमी करणे.

२०/२३
सेवादात्याकडे बोट दाखवण्यापूर्वी दोन गोष्टी आपल्या घरातही तपासाव्यात. पहिली, एकक. योजना ‘मेगाबिट’मध्ये विकली जाते, फाइल उतरवताना संगणक बहुधा ‘मेगाबाइट’ दाखवतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट हाच पूर्ण वेग आहे. दुसरी, वाय-फाय. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न येणारे मार्ग तीनच. शेजारच्या घरांतली यंत्रेही त्यांवरच बोलतात. जुन्या बंगल्यांच्या जाड दगडी भिंती त्यात भर घालतात. संगणक तारेने थेट राउटरला जोडून मोजणी केली आणि वेग एकदम वाढला, तर आपला घाट घराबाहेर नसून दिवाणखान्यात आहे.

२१/२३
मोजणीचेही एक तंत्र आहे. वेगचाचणीची संकेतस्थळे बहुधा जवळच्या, अनेकदा सेवादात्याच्याच जाळ्यातल्या यंत्रापर्यंतचा वेग मोजतात. म्हणजे खंडाळा ते पुणे हा प्रवास मोजून मुंबई-पुण्याचा वेळ सांगण्यासारखे झाले. म्हणून एकदाच मोजू नये. सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री नऊला, आठवडाभर आणि दूरचे यंत्र निवडून मोजावे व तारीखवेळेसह नोंद ठेवावी. सकाळी पूर्ण आणि रात्री पाव वेग मिळत असेल, तर वाटणी तोकडी आहे. कायमच कमी मिळत असेल, तर तार किंवा उपकरण सदोष असण्याचा संभव अधिक. पावसात घसरत असेल, तर सांधे तपासायला सांगावे. अशी नोंद जवळ असली की ‘तुमच्या बाजूने रीस्टार्ट करून पाहा’ या उत्तरावर तक्रार मिटत नाही.

२२/२३
‘पर्यंत’ या शब्दाला वेसण घालता येते, हे ब्रिटनने दाखवले आहे. तिथे पूर्वी दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेग ‘पर्यंत’ म्हणून जाहिरातीत मिरवता येई. मे २०१८पासून नियम बदलला: रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारा सरासरी वेगच जाहिरातीत छापता येतो. या बदलाने केबल रुंद झाली नाही की राउटर सुधारले नाहीत. बदलला तो फक्त छापलेला आकडा आणि ग्राहकाला खऱ्या गोष्टींची तुलना करता येऊ लागली. आपणही जोडणी घेताना तीन प्रश्न विचारू शकतो: रात्री नऊला किती वेग मिळतो, वाटणीचे प्रमाण काय आहे आणि ठरावीक वापरानंतर वेग किती उतरतो? (ऑक्टोबर २०१६मध्ये ट्रायने हा उतरलेला वेगही ५१२ केबीपीएसच्या खाली नसावा असे बजावले होते.)

२३/२३
१८५८ ते १८६३ या काळातल्या उतारूचे हाल झाले, पण तो फसला नाही. मुंबईहून निघताना त्याला ठाऊक असे की आगगाडी खोपोलीपर्यंत आहे, पुढे घाट आहे आणि घाट चढायला पालखी आहे. त्यानुसार तो वेळ राखी, पैसे राखी. ‘खोपोलीपर्यंत’ या शब्दात ठिकाणाचे नाव होते. आजच्या ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ या शब्दांत आगगाडीचा वेग आहे, पण घाट कुठे लागतो ते नाही. क्षमता वाटून घेण्याला कोणाची हरकत नसावी. त्यावरच स्वस्त इंटरनेट उभे आहे. हरकत आहे ती वाटणी न सांगण्याला. घाट रुंद व्हायला वेळ लागेल, पैसाही लागेल. तो कुठे आहे हे सांगायला मात्र फक्त एक ओळ छापावी लागते. ग्राहक म्हणून आपण आधी ती ओळ मागितली पाहिजे. #धागा समाप्त